‘असलेलें बरें’ म्हणून दिलेलें औषध

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

आजच्या भाषणाचा विषय मला सुचविण्यांत आला, तेव्हां प्रथम मला संकोचच वाटला. विषय वैद्यकाचा, आणि मी तर मॅट्रिकपर्यंत शिकून सारा जन्म शाळेंत मुलांना गणित व सृष्टिज्ञान शिकविण्यांत घालविलेला एक सेवानिवृत्त मास्तर. नाडी पाहणें माझें काम नव्हे, आणि औषध सुचविण्याचा तर मला अधिकारच नाहीं. तरीहि मीं हें आमंत्रण स्वीकारलें, याला कारण आहे. साथीच्या काळांत दवाखान्यांतून प्रतिजैविक औषधांचा जो अतोनात वापर झाला, त्या दोषाचा थोडा वाटा माझ्याहि पदरीं आहे. दवाखान्याच्या दारांत उभा राहून, स्वतःला न समजणार्‍या गोष्टीचा हट्ट धरणारा जो रोग्याचा नातेवाईक असतो, तो एकदां मी होतों. तेव्हां आजचें हें भाषण उपदेशाचें नाहीं. एका चुकलेल्या माणसानें मागाहून केलेल्या अभ्यासाचें आहे.

सन २०२१ च्या एप्रिल महिन्यांतली गोष्ट. कोविडची दुसरी लाट ऐन भरांत होती. माझे वडील बंधु, वय वर्षे एकाहत्तर, तापानें आणि खोकल्यानें अंथरुणास खिळले. बोटावर लावावयाच्या त्या लहानशा यंत्रांतला आंकडा नव्वदाच्या खालीं उतरला, तेव्हां आम्हीं धांवाधांव करून आमच्या शहरांतल्या एका दवाखान्यांत त्यांना नेलें. खाट मिळावयास सहा तास लागले. नातेवाइकांस वर जाण्याची मनाई होती. आम्ही अंगणांतल्या निंबाच्या झाडाखालीं बसून असूं, आणि संध्याकाळीं एक तरुण डॉक्टर खालीं टेबलापाशीं येऊन एकेका रोग्याचें वर्तमान सांगे.

तिसर्‍या दिवशीं मीं त्या डॉक्टरांना विचारलें, “दादांना अँटिबायॉटिक कोणतें चालू आहे?” ते म्हणाले, “काका, हा विषाणूचा आजार आहे. ऑक्सिजन चालू आहे, स्टेरॉइड चालू आहे. अँटिबायॉटिकची आज तरी गरज दिसत नाहीं.” मीं म्हटलें, “अहो, शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना मोठमोठीं इंजेक्शनें चालू आहेत म्हणे. मग आमच्याच माणसाला कां नाहींत? पैशाची काळजी करूं नका.” त्या मुलानें (माझ्या दृष्टीनें तो मुलगाच होता) माझ्याकडे एकदां पाहिलें. रात्रंदिवस जागून त्याचे डोळे तांबारले होते, आणि माझ्यामागें आणखी वीसपंचवीस माणसें रांगेंत उभीं होतीं. तो म्हणाला, “बरें, देऊं या. असलेलें बरें.” त्यानें चिठ्ठी लिहून दिली. ती घेऊन मी औषधाच्या दुकानाकडे गेलों, आणि खरें सांगतों, त्या वेळीं आपण कांहीं तरी मोठें काम केलें असें मला वाटत होतें.

‘असलेलें बरें’ या दोन शब्दांचाच विचार आपणांस आज करावयाचा आहे.

प्रथम हें प्रतिजैविक म्हणजे काय तें पाहूं. आपल्याला जे रोग जडतात त्यांपैकीं कांहीं जीवाणूंमुळें होतात, कांहीं विषाणूंमुळें. जीवाणु हा लहान असला तरी पुरा संसारी प्राणी आहे. त्याला स्वतःचें घर असतें, घराला भिंत असते, आंत स्वयंपाक चालतो, आणि तो आपला वंश आपणच वाढवितो. सन १९२८ मध्यें लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांत अलेक्झांडर फ्लेमिंग या शास्त्रज्ञाला बुरशीपासून निघणारें जें द्रव्य आढळलें, त्यालाच पुढें पेनिसिलिन म्हणूं लागले. तें द्रव्य जीवाणूच्या भिंतीचें बांधकाम मोडून टाकतें. दुसरीं प्रतिजैविकें त्याचा स्वयंपाक बंद पाडतात. विषाणूचें मात्र तसें नाहीं. त्याला घर नाहीं, चूल नाहीं. तो आपल्याच पेशींत शिरतो आणि आपल्याच भांड्यांत आपलें अन्न शिजवून घेतो. जेथें भिंतच नाहीं तेथें भिंत पाडणारें औषध काय करणार? म्हणून सर्दी, इन्फ्लुएन्झा, गोवर किंवा कोविड यांच्या मूळ रोगावर प्रतिजैविकाचा उपयोग नाहीं.

हें जर इतकें उघड आहे, तर मग साथींत घडलें काय? जागतिक आरोग्य संघटनेनें ११ मार्च २०२० रोजीं या साथीला जगद्‌व्यापी साथ असें नांव दिलें, आणि ५ मे २०२३ रोजीं आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. त्याच संघटनेनें एप्रिल २०२४ मध्यें एक हिशेब प्रसिद्ध केला. जानेवारी २०२० पासून मार्च २०२३ पर्यंत ६५ देशांतून दवाखान्यांत दाखल झालेल्या सुमारें साडेचार लाख कोविड रोग्यांची ती माहिती होती. त्यांपैकीं जीवाणूंचा संसर्ग जोडीला असल्यामुळें ज्यांना प्रतिजैविकाची खरोखरीच गरज होती, असे रोगी शेंकडा ८ होते. आणि प्रतिजैविक किती जणांना दिलें गेलें? शेंकडा ७५ जणांना. पश्चिम पॅसिफिक विभागांत हें प्रमाण ३३ होतें, तर पूर्व भूमध्य आणि आफ्रिका विभागांत ८३ पर्यंत चढलें होतें. गणिताच्या मास्तराला हा हिशेब ऐकून स्वस्थ बसवत नाहीं. शंभर रोग्यांपैकीं आठांना छत्री हवी होती, आणि आपण पंचाहत्तरांच्या हातीं छत्री दिली! छत्रीनें निदान अपाय तरी होत नाहीं. पण त्याच हिशेबांत असेंहि आढळलें कीं, ज्यांना जीवाणूंचा संसर्ग नव्हता त्यांना या औषधांनीं गुण तर आला नाहींच, उलट अपाय होण्याचाच संभव दिसला.

आपल्या देशांतील गोष्टहि याहून वेगळी नाहीं. सन २०२० च्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत जी पहिली लाट वाढत गेली, त्या अवधींत औषधांच्या खासगी बाजारांतील विक्रीचा अभ्यास करून संशोधकांनीं २०२१ मध्यें अंदाज मांडला कीं, साथीमुळें प्रतिजैविकांच्या सुमारें २१ कोटी ६४ लाख मात्रा नेहमीपेक्षां अधिक खपल्या असाव्यात. त्यांत एकट्या अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या मात्रा ३ कोटी ८० लाख होत्या. त्या काळांत टाळेबंदीमुळें इतर संसर्ग कमी झाले असले पाहिजेत, आणि म्हणून विक्री उतरावयास हवी होती, ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे या आंकड्यांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

आतां कोणी म्हणेल, डॉक्टर एवढे शिकलेसवरलेले लोक. त्यांना काय हें ठाऊक नव्हतें? ठाऊक होतें. पण ठाऊक असणें आणि त्याप्रमाणें वागतां येणें यांत अंतर असतें, हें आपल्यापैकीं प्रत्येक जण स्वतःवरून जाणतो. त्यांची बाजू ऐकल्याशिवाय निकाल देणें न्यायाचें होणार नाहीं. मला जीं कारणें दिसलीं तीं अशीं.

पहिलें कारण इतिहासाचें. सन १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथींत आपल्या देशांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं असा अंदाज आहे. त्या वर्षींच्या जूनमध्यें तो रोग मुंबई बंदरांत उतरला, आणि पुढें गांवोगांव पसरला. त्या काळच्या मृतांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले नमुने अमेरिकेंतील संशोधकांनीं पुन्हां तपासले, आणि २००८ मध्यें दाखवून दिलें कीं, त्या साथींतले बहुतेक मृत्यु विषाणूच्या मागून आलेल्या जीवाणूंच्या न्यूमोनियानें झाले असले पाहिजेत. विषाणूनें दार मोडलें, आणि मोडक्या दारांतून जीवाणु आंत शिरले. त्या काळीं प्रतिजैविक औषध जगांत कोठेंच नव्हतें. हा इतिहास प्रत्येक डॉक्टर शिकलेला असतो. नवी साथ आली तेव्हां याहि खेपेस तसेंच होईल, असें त्याला वाटलें तर त्यांत नवल नाहीं. पुढें कळून आलें कीं, दवाखान्यांत दाखल होण्याच्या वेळीं कोविडच्या रोग्याला असा दुसरा संसर्ग क्वचितच असतो. पण तें कळावयास कांहीं महिने जावे लागले, आणि तोंवर संवय पडून गेली.

दुसरें कारण निदानाचें. ताप, खोकला, धाप, क्षकिरणांच्या चित्रांत फुप्फुसावर दिसणारी छाया, रक्तांतील दाहाच्या खुणा, या सार्‍या गोष्टी विषाणूच्या न्यूमोनियांतहि असतात आणि जीवाणूच्याहि. नक्की काय तें ठरविण्यास कफ किंवा रक्त प्रयोगशाळेंत ठेवून जंतु वाढूं द्यावे लागतात. त्याला दोन-तीन दिवस लागतात. साथीच्या आरंभीं तर रोग्याचा कफ काढतांना आपणच बाधित होऊं या भीतीनें अशा तपासण्याहि टाळल्या जात. डोळ्यांवर पट्टी बांधून निर्णय घ्यावयाचा, आणि तोहि समोरचा माणूस गुदमरत असतां. अशा वेळीं हात अधिक औषधाकडेच वळतो.

तिसरें कारण आशेचें. मार्च २०२० मध्यें फ्रान्समधील मार्सेय शहरांतून एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध झाला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या जोडीला अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलें असतां विषाणु लवकर नाहींसा होतो, असें त्यांत म्हटलें होतें. बुडणार्‍या जगानें ही काडी घट्ट धरली. आपल्याकडेहि ३१ मार्च २०२० च्या सरकारी मार्गदर्शनांत अतिदक्षता विभागांतील गंभीर रोग्यांसाठीं ही जोडी सुचविली होती. जूनच्या सुधारित मार्गदर्शनांतून अ‍ॅझिथ्रोमायसिन वगळलें गेलें. त्याच सालच्या जुलैमध्यें ब्राझीलमधील प्रयोगानें या जोडीचा सौम्य आणि मध्यम आजारांत उपयोग होत नाहीं असें दाखविलें. मग इंग्लंडांत ‘रिकव्हरी’ नांवाची मोठी चांचणी झाली. दवाखान्यांत दाखल झालेल्या ७,७६३ रोग्यांपैकीं २,५८२ जणांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवडून अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलें, आणि उरलेल्या ५,१८१ जणांना केवळ नेहमीचे उपचार दिले. अठ्ठावीस दिवसांत मृत्यूचें प्रमाण दोन्हीं गटांत सारखेंच, शेंकडा २२, निघालें. हा निकाल डिसेंबर २०२० मध्यें जाहीर झाला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्यें सविस्तर छापला गेला. फ्रान्समधील तो मूळचा निबंध तर डिसेंबर २०२४ मध्यें मागें घेण्यांत आला.

श्रोतेहो, या तारखांकडे लक्ष द्या. मीं त्या तरुण डॉक्टरांशीं वाद घातला तो एप्रिल २०२१ मध्यें. म्हणजे ते जें सांगत होते, तें त्या वेळच्या ताज्या ज्ञानाला धरून होतें. चूक त्यांच्या ज्ञानांत नव्हती. तें ज्ञान मीं त्यांना वापरूं दिलें नाहीं.

आणि हेंच चवथें कारण, म्हणजे आपण. ज्याला आपला माणूस डोळ्यांनीं पाहतां येत नाहीं, त्याला औषधाची चिठ्ठी हाच एक दुवा उरतो. चिठ्ठी मोठी असेल तर प्रयत्न मोठे, असें त्याच्या मनाला वाटतें. ‘कांहीं देऊं नका’ असें सांगणारा डॉक्टर त्याला निष्काळजी भासतो. उद्यां रोगी दगावला तर ‘तुम्हीं साधें अँटिबायॉटिकहि दिलें नाहीं’ असें कोणी म्हणेल, ही भीति डॉक्टरांच्याहि मनांत असते. औषध दिल्याबद्दल कोणी जाब विचारीत नाहीं. न दिल्याबद्दल सारे विचारतात. अशा तराजूंत पारडें कोणत्या बाजूला झुकणार तें सांगावयास नको.

आतां कोणी विचारील, दिलें तर दिलें, बिघडलें काय? यासाठीं मी माझ्या वर्गाचा दाखला देतों. आपल्या पोटांत, त्वचेवर, घशांत असंख्य जीवाणु सदैव राहतात. बहुतेक गरीब स्वभावाचे असतात. कांहीं तर उपकारीच. त्यांच्यांत एखाददुसरा व्रात्य असतो. पण चाळीस मुलांच्या वर्गांत दोन व्रात्य मुलें असलीं तरी अडतीस मुलांच्या गर्दींत त्यांचें कांहीं चालत नाहीं. आतां समजा, एके दिवशीं मीं अडतीस सुस्वभावी मुलांना घरीं पाठविलें आणि वर्ग त्या दोघांच्या हवालीं केला, तर काय होईल? प्रतिजैविक नेमकें हेंच करतें. तें ज्यांना मारूं शकतें अशा सार्‍यांना मारतें, आणि जे त्याला दाद देत नाहींत त्यांना मोकळी जागा करून देतें. शिवाय जीवाणूंत आणखी एक खोड आहे. औषधाला न जुमानण्याची युक्ति ज्याच्यापाशीं असते, तो ती शेजार्‍यालाहि देतो. परीक्षेंत कॉपीची चिठ्ठी एका बाकावरून दुसर्‍या बाकावर सरकावी तशी. जातीचें, कुळाचें बंधन तेथें नसतें.

हा धोका नवा नाहीं. खुद्द फ्लेमिंगनें नोबेल पारितोषिक घेतांना डिसेंबर १९४५ मध्यें दिलेल्या व्याख्यानांत तो सांगून ठेवला आहे. त्यानें एक कल्पित गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो दुकानांतून पेनिसिलिन आणून थोडेसें घेतो. जंतु मरण्यास तें पुरत नाहीं, पण सामना करावयास शिकण्यास मात्र पुरतें. पुढें त्याच जंतूंची बाधा त्याच्या बायकोला होते, तिला न्यूमोनिया होतो, आणि त्या शिकलेल्या जंतूंवर पेनिसिलिन चालत नसल्यामुळें ती दगावते. मग फ्लेमिंग विचारतो कीं, तिच्या मृत्यूला मुख्यतः जबाबदार कोण? औषध बाजारांत पुरतें आलेंहि नव्हतें, तेव्हांच त्याच्या जनकानें हा प्रश्न विचारून ठेवला होता.

घशाच्या दुखण्याची ही गोष्ट. दवाखान्याच्या अतिदक्षता विभागांत तर याहून कठीण प्रसंग असतो. तेथें रोग्याच्या घशांत नळी, शिरेंत नळी, मूत्राशयांत नळी. प्रत्येक नळी म्हणजे जंतूंना आंत येण्याची वाट. स्टेरॉइडनें प्रतिकारशक्ति मंदावलेली. परिचारिका एकीच्या जागीं तिघींचें काम करीत असलेल्या. अंगावरचा तो बंद पोषाख तासन्‌तास बदलतां न येणारा. अशा ठिकाणीं चिवट जंतु एका खाटेवरून दुसर्‍या खाटेवर सहज जातात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें दहा रुग्णालयांतील माहिती गोळा करून २०२१ मध्यें प्रसिद्ध केली. २०२० च्या जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत दाखल झालेल्या १७,५३४ कोविड रोग्यांपैकीं शेंकडा ३.६ जणांना मागाहून जीवाणूंचा किंवा बुरशीचा संसर्ग झाला. संख्या लहान दिसते. परंतु एकंदर रोग्यांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा १०.६ असतां, या अभागी रोग्यांत तें ५६.७ होतें. त्यांच्यांत सांपडलेल्या जंतूंत क्लेबसिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे दवाखान्यांतले मुरलेले, कित्येक औषधांना न जुमानणारे जंतु आघाडीवर होते. अमेरिकेंतहि तोच अनुभव आला. तेथील रोगनियंत्रण केंद्रानें २०२२ मध्यें सांगितलें कीं, साथीच्या पहिल्या वर्षांत दवाखान्यांत जडलेले चिवट जंतूंचे संसर्ग आणि त्यांनीं होणारे मृत्यु हे दोन्ही निदान शेंकडा १५ नीं वाढले.

आमच्या दादांचें काय झालें तें सांगितलें पाहिजे. पहिले आठ दिवस ते सुधारत होते. फोनवरून माझ्याशीं दोन शब्द बोललेहि. बाराव्या दिवशीं पुन्हां ताप चढला. यंत्रानें श्वास देण्याची वेळ आली. प्रयोगशाळेचा कागद आला त्यावर क्लेबसिएलाचें नांव होतें, आणि खालीं औषधांची लांबलचक यादी. शाळेंतल्या निकालपत्रकाप्रमाणें मी ती वाचूं लागलों. एकापुढें एक ‘चालत नाहीं’, ‘चालत नाहीं’ असाच शेरा. मीं हट्टानें आणविलेल्या इंजेक्शनाचें नांवहि त्यांत होतें. शेवटचें म्हणून जपून ठेवलेलें एक औषध तेवढें शिल्लक होतें, तेंहि दिलें. एकोणिसाव्या दिवशीं दादा गेले.

माझ्या हट्टामुळेंच दादा गेले, असें मी म्हणत नाहीं. एका माणसाच्या बाबतींत इतकें नेमकें विधान कोणत्याहि शास्त्राला करतां येणार नाहीं. तो जंतु त्या इंजेक्शनाशिवायहि तेथें आला असता. परंतु त्या इंजेक्शनानें त्यांचें भलें झालें नाहीं, आणि त्या जंतूसाठीं वर्ग रिकामा करण्यास कदाचित् हातभार लागला, एवढें मला आज कबूल केलें पाहिजे. आणि दादांचें सोडा. त्या दालनांत त्या महिन्यांत ‘असलेलें बरें’ म्हणून जीं शेंकडों इंजेक्शनें दिलीं गेलीं, त्यांचा एकत्र परिणाम कोणाच्या तरी आप्तावर झालाच असेल. प्रतिजैविकाचें वैशिष्ट्य हेंच आहे. मधुमेहाची गोळी मीं उगाच घेतली तर अपाय मला होतो. प्रतिजैविक मीं उगाच घेतलें तर त्याचें मोल शेजारचा देतो. कोविड येण्यापूर्वींच, सन २०१९ मध्यें, औषधांना दाद न देणार्‍या जीवाणूंमुळें जगांत १२ लाख ७० हजार माणसें थेट दगावलीं असा संशोधकांचा अंदाज आहे.

मग उपाय काय? दवाखान्यांनीं काय करावें हें तज्ज्ञांनीं सांगून ठेवलेलें आहे, आणि तें ऐकण्यास साधें आहे. संशय बळकट असेल तर पहिली मात्रा देण्यापूर्वींच रक्ताचा वा कफाचा नमुना प्रयोगशाळेंत पाठवावा. औषध कोणत्या कारणासाठीं आणि किती दिवस, तें रोग्याच्या कागदावर लिहून ठेवावें. दोन-तीन दिवसांनीं, तपासणीचा निकाल हातीं आला म्हणजे, पुन्हां विचार करावा. आणि जंतु आढळला नाहीं तर औषध बंद करण्याचें धैर्य दाखवावें. सुरू करणें सोपें असतें. बंद करण्यास अधिक विद्या लागते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ पासून या औषधांचे तीन वर्ग पाडले आहेत. पहिला नेहमीच्या वापराचा, त्यांत अ‍ॅमॉक्सिसिलिनसारखीं औषधें येतात. दुसरा जपून वापरण्याचा. अ‍ॅझिथ्रोमायसिन याच वर्गांतलें. आणि तिसरा राखीव, कोलिस्टिनसारख्या अखेरच्या औषधांचा. आपल्या देशांतहि १ मार्च २०१४ पासून कित्येक प्रबळ प्रतिजैविकें ‘एच-१’ नांवाच्या यादींत घातलीं आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तीं विकूं नयेत, आणि विकल्याची नोंद दुकानदारानें वेगळ्या वहींत ठेवावी, असा नियम आहे. नियम पाळला जाणें हें मात्र विकणाराइतकेंच घेणारावरहि अवलंबून आहे.

येथें एक इशारा दिला नाहीं तर मी नव्या चुकीचा धनी होईन. माझें बोलणें ऐकून कोणीं प्रतिजैविकांचा तिटकारा धरूं नये. जीवाणूंचा न्यूमोनिया, मूत्रपिंडाचा संसर्ग, रक्तांत पसरलेलें विष, या प्रसंगीं हीं औषधें प्राण वाचवितात, आणि तेथें तासाचा विलंबहि महाग पडतो. डॉक्टरांनीं विचारपूर्वक दिलेलें औषध घ्यावें, सांगितलेले दिवस घ्यावें, आणि आपल्या मनानें कमीजास्त करूं नये. उरलेल्या गोळ्या ‘पुढें उपयोगीं पडतील’ म्हणून डब्यांत ठेवूं नयेत. शेजारणीला तर मुळींच देऊं नयेत. ज्या गोळ्यांच्या पाकिटावर तांबडी उभी रेघ आहे, तें औषध चिठ्ठीशिवाय घ्यावयाचें नाहीं, एवढें तर घरांतल्या लहान मुलालाहि शिकवितां येईल. मुलें अशा गोष्टी आपल्यापेक्षां लवकर शिकतात आणि आपल्याला आठवणहि करून देतात, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

आणि आपला कोणी दवाखान्यांत असेल तेव्हां? नातेवाइकानें मुकाट्यानें बसावें असें मी म्हणत नाहीं. प्रश्न जरूर विचारावा. पण मीं विचारला तो नव्हे. ‘अँटिबायॉटिक कां देत नाहीं?’ असें विचारण्याऐवजीं, दिलें असेल तर विचारावें, ‘हें कशासाठीं आहे? तपासणीला नमुना पाठविला आहे काय? पुन्हां विचार केव्हां करणार?’ आणि डॉक्टर म्हणाले कीं आज गरज नाहीं, तर ‘बरें’ म्हणून त्यांच्यावर विश्वास टाकावा. गरज पडेल तेव्हां ते देतीलच. औषध न देणें हाहि उपचार असूं शकतो. त्याला कागदावर जागा नसते, दुकानांत किंमत नसते, म्हणून आपल्याला तो दिसत नाहीं इतकेंच.

साथ पुन्हां येईल कीं नाहीं हें मला ठाऊक नाहीं. शहाणे लोक म्हणतात कीं येईल. त्या वेळीं विषाणु नवा असेल, भीति मात्र जुनीच असेल. टेबलापाशीं असाच एखादा थकलेला तरुण डॉक्टर उभा असेल, आणि समोर माझ्यासारखा एखादा घाबरा भाऊ. त्या दोघांत जें दोन मिनिटांचें बोलणें होईल, त्यावर पुष्कळसें अवलंबून राहील. ती औषधाची चिठ्ठी अजून माझ्या टेबलाच्या खणांत आहे. फाडून टाकावी असें कित्येकदां मनांत आलें. पण ठेवली आहे. तो डॉक्टर पुन्हां भेटला तर त्याला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, बाबा रे, त्या दिवशीं तुझें म्हणणें बरोबर होतें.